केरबांच्या पिकअपचा पडलेला आवाज

कोल्हापूरच्या माणसाला ऐकू कमी येऊ लागलंय, हे लोकांच्या ध्यानात यायला जरा वेळच लागतो. इथं शेजारी बसलेल्याशीसुद्धा तो ओढ्यापलीकडं उभा असल्यासारखं बोलतात. त्यात उचगावचे केरबा मुळातच वरच्या पट्टीतले. शाहूपुरीत ते दुधाचा रतीब घालायला जात, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची बाई पातेलं घेऊन खाली पोचेपर्यंत तिला केरबांच्या म्हशी, त्यांची वैरण आणि मुरगूडच्या व्याह्यांची मूळव्याध, सगळं कळलेलं असे. तिच्याबरोबर अख्ख्या गल्लीलाही कळलेलं असे. म्हणून केरबांचे कान नेमके कधी गेले, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

ते पहिल्यांदा ओळखलं त्यांच्या बायकोनं, बयाबाईंनी. काहीही विचारलं की केरबा "व्हय व्हय, बघू" म्हणायला लागले होते. एवढा समजूतदार नवरा बयाबाईंना साऱ्या संसारात कधी मिळाला नव्हता, त्यामुळं त्यांना संशय आला. एक दिवस भाकरी थापता थापता त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी उद्या माहेरला निघाले. परत काय यायची न्हाय."

"व्हय व्हय, बघू," केरबा म्हणाले.

बयाबाईंनी पिठाचाच हात कपाळाला लावला. तेव्हापासून "एकदा कान दाखवून या" म्हणून त्या खनपटीला बसल्या होत्या. पण केरबांच्या मते कानाला काही झालेलंच नव्हतं. माणसंच हल्ली नाकातनं बोलत होती. टीव्हीचा स्पीकर गेला होता, मोबाइल हलक्यातला होता, देवळातली नवी घंटा पत्र्याची होती, आणि सुनेला माहेरी मोठ्यानं बोलायला कुणी शिकवलंच नव्हतं. जगातल्या एकेका वस्तूचा आवाज पडत चालला होता आणि त्या पडझडीत केरबांचे कान तेवढे खणखणीत उरले होते.

इथवर सगळं ठीक होतं. पण दसरा झाला आणि केरबांना वाटायला लागलं, की आपल्या पिकअपचाही आवाज पडलाय. मग मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याला कारण हरणी. हरणी म्हणजे केरबांची म्हैस. मागं वळलेली लांब शिंगं, तकतकीत काळं अंग, आणि चालीत असा काही ठसका की गोठ्यातल्या बाकीच्या म्हशींनी बाजूला सरून वाट द्यावी. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, कपाळाला मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या आणि घुंगरांच्या माळा, आणि मग भर रस्त्यात सोडायची. ना दावं, ना कासरा. मालक पुढं मोटारसायकलवर, सायलेन्सरची पुंगळी काढून फटफट आवाज करत सुटतो, आणि म्हैस त्या आवाजाच्या ओळखीवर गर्दीतनं त्याच्या मागं धावत येते. आली तर मालकाची छाती फुगते. जागची हलली नाही, किंवा दुसऱ्याच्याच गाडीमागं गेली, तर त्या मालकाला पुढच्या पाडव्यापर्यंत गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

केरबांचा गुडघा गेला आणि मोटारसायकल सुटली, तेव्हा लोकांना वाटलं, संपलं आता. तर ह्या पठ्ठ्यानं पाडव्याला दुधाची पिकअप काढली. लोक आधी हसले. मग हरणी त्या खटारा गाडीमागं शेपूट उभारून अशी काही धावली, की हसणारेच शिट्ट्या मारायला लागले. तेव्हापासून केरबा आणि त्यांची पिकअप हे पाडव्याचं ठरलेलं आकर्षण होऊन बसलं. वर्षभर ते गावाचे दूधवाले असत. त्या रस्त्यावर मात्र त्यांना राजासारखं वाटे, आणि ते तसं सांगायला लाजतही नसत.

आता गाडीचा आवाजच पडला तर हरणी मागं येणार कशी?

हायवेच्या कडेला विश्वजितचं गॅरेज होतं. चिखलात उड्या मारणाऱ्या हौशी लोकांच्या जीपगाड्या तो सजवून द्यायचा. केरबांनी पिकअप थेट त्याच्या दारात नेऊन उभी केली आणि चालूच ठेवली.

"विश्वजित, आवाज पडलाय बघ हिचा."

विश्वजितनं हात पुसले. गाडीच्या आवाजानं त्याच्या भिंतीवरचे पाने खिळ्यांवर थरथरत होते.

"पडलाय, मामा?"

"ऐक की लेका. घसा बसल्यागत करतीया."

विश्वजितनं बॉनेट उघडलं. इंजिनाच्या चारी सिलिंडरांचा धूर गोळा करून सायलेन्सरकडं धाडणारा बिडाचा मॅनिफोल्ड होता, त्याला बोटभर तडा गेला होता. त्या तड्यातनं गाडी एकीकडं फुसफुसत होती आणि एकीकडं फटाके वाजवत होती. गेली कित्येक वर्षं असंच चाललं असणार.

"मामा, आवाज पडलेला न्हाय, फुटलाय. हे बीड सांधून टिकायचं न्हाय. बदलायला पायजे."

केरबांचं लक्ष तोवर भिंतीकडं गेलं होतं. तिथं चार वाकवलेल्या पोलादी नळ्या, पुढं जाऊन एकीत मिळालेल्या, चकचकत टांगल्या होत्या.

"हे काय रं?"

"हेडर म्हणत्यात ह्याला. मॅनिफोल्डच्या जागी बसतंय. दर सिलिंडरला आपली आपली पायप, धूर मोकळा जातोय. पण मामा, डिझेलची जुनी गाडी हाय तुमची. ह्यानं तिला काय पंख फुटायचं न्हाईत."

"आवाज वाढंल का?"

"आवाज वाढंल की."

"मग बसव."

सांगायला सोपं, बसवायला महाकर्मकठीण. वर्षानुवर्षं तापून तापून जुने बोल्ट गंजून एकजीव झाले होते. विश्वजितनं त्यांच्यावर तेल सोडून एक दिवस तसेच ठेवले, मग गॅसनं तापवून एकेक सोडवला. सगळे निघाले आणि शेवटचा, केबिनच्या बाजूचा, हात पोचणार नाही अशा जागचा, नेमका मुळातनं तुटला. आपलीच दाढ तुटल्यासारखं केरबांनी गालाला हात लावला. विश्वजितनं त्या बुडख्यावर एक नट वेल्डिंगनं चिकटवला आणि तो लाल असतानाच पाना लावून बेताबेतानं फिरवला. कर्रर्र करून असा आवाज झाला की गॅरेजातल्या सगळ्यांनी दात आवळले.

"आला का?" केरबांनी विचारलं.

विश्वजितनं त्यांच्याकडं एकदा नीट बघितलं. मग निघालेला बोल्ट त्यांच्या हातात ठेवला.

पुढं हेडर आत जाईना, स्टिअरिंगचा दांडा आडवा आला. मग एक नळी तापवून जराशी वाकवली. सांध्यातनं धूर निसटू नये म्हणून नवं गॅस्केट घातलं आणि बोल्ट आवळायला घेतले. मधल्या बोल्टापासून दोन्ही कडांकडं जात, पंगतीत वाढतात तसं प्रत्येकाला थोडं थोडं, फिरून परत थोडं. केरबा सगळा वेळ स्टुलावर बसून लेकीचं लग्न लागत असल्यासारखे बघत होते.

गाडी चालू केली, तसं नळ्यांवरचं तेल तापून बॉनेटखालून निळा धूर उठला आणि मागोमाग असा गडगडाट झाला, की हायवेपलीकडच्या चहाच्या गाड्यावरची माणसं कप घेऊन उभी राहिली.

"जाळ अन् धूर संगट!" केरबा खुशीत ओरडले. मग त्यांनी मान कलती केली, एक कान पुढं केला. "बरा हाय. पण अजून जरा पायजे हुता."

आता विश्वजितची खात्रीच पटली. पण बापाच्या वयाच्या माणसाला तोंडावर सांगायचं कसं? तो म्हणाला एवढंच, "थोडं दिस चालवा. बोल्ट तापून ढिलं पडत्यात. परत आवळाय लागतील."

केरबा मोठ्या दिमाखात घरी आले. ते येताना गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा वाजल्या, झोळीतलं पोर किंचाळत उठलं, आणि शेजारची म्हातारी विमान पडलं म्हणून चुलीपुढनं उठून अंगणात आली. केरबांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. लोक बाहेर येऊन आपली गाडी बघतायत एवढं त्यांना दिसलं आणि त्यांनी सगळ्यांना हात केला.

दुसऱ्या दिवशी मळ्याच्या वाटेवर सराव. हरणीला मोकळं सोडलं, केरबांनी गाडी पहिल्यात टाकली आणि निघाले. बरंच पुढं जाऊन बघतात, तर हरणी जागच्या जागी. रवंथ करत ती त्या गडगडणाऱ्या धुडाकडं बघत होती. मग तिनं तोंड फिरवलं आणि सावकाश गोठ्याची वाट धरली.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर केरबांनी गाडी जागेवरच इतकी रेझ केली, की बांधावरचे बगळे उडाले. हरणीनं शेपटीनं एक माशी हाकलली.

खरं म्हणजे ह्यात कोडं असं काही नव्हतंच. हरणीची ओळख होती त्या फुटक्या मॅनिफोल्डच्या फटफट-फुसफुशीशी. हा नवा गडगडाट तिच्या लेखी कुणा परक्याचा होता. हे बयाबाईंना कळलं होतं, मळ्याशेजारच्या गुऱ्हाळावरच्या माणसांना कळलं होतं, त्यांनी ते केरबांना सांगितलंही होतं. पण केरबा "व्हय व्हय, बघू" म्हणाले आणि त्यांनी आपल्या मनानं निदान करून टाकलं.

"हरणी बहिरी झाली," त्यांनी घरात येऊन जाहीर केलं.

बयाबाई बघतच राहिल्या. हसावं की रडावं, त्यांना कळेना.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी हरणीच्या कानात बॅटरी मारली, हरणीनं तो कान त्यांच्या तोंडावर फडकावला. "कान उत्तम आहेत," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. केरबांच्या मते डॉक्टर नवीन होता. त्यांनी लसूण घालून तेल कढवलं आणि कोमट करून सकाळ-संध्याकाळ हरणीच्या कानात सोडायला सुरुवात केली.

"अर्धी वाटी राखून ठेवा," बयाबाई म्हणाल्या, "घरात अजून एक जण हाय."

"व्हय व्हय, बघू," केरबा म्हणाले.

एका दुपारी जेवायची वेळ टळली तरी केरबा येईनात, म्हणून बयाबाई गोठ्याकडं गेल्या. केरबा हरणीच्या मानेवर हात ठेवून तिच्याशी बोलत होते. आपण हळू बोलतोय असा त्यांचा समज असावा. दारात उभ्या बयाबाईंना शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"तू घाबरू नगंस," केरबा सांगत होते. "ऐकू येत न्हाय म्हणून काय झालं? कुणाला सांगायचंच न्हाय. सांगितलं की हसत्यात. चार माणसं बोलत बसली की वाटतं, आपल्यालाच बोलायल्यात. मग तिथं बसू वाटत न्हाय. आपण मान हलवायची, व्हय व्हय म्हणायचं. भागतंय. पाडव्याला मात्र नेतो तुला. बहिरी झाली म्हणून काय कुणी घरात बसवतंय व्हय?"

बयाबाईंना गलबलून आलं. इतकी वर्षं ह्या माणसाला टोमणे मारायचा त्यांचा हक्क होता आणि त्यांनी तो मनसोक्त वापरला होता. त्या दिवशी मात्र त्या जेवायला हाक न मारताच मागं वळल्या आणि पदर खोचून थेट विश्वजितकडं गेल्या.

"ते तुझं काय ते काढ आणि जुनं परत घाल," त्यांनी सांगितलं.

"मामी, जुनं काढतानाच दोन तुकडं झालं. भंगारात गेलं." विश्वजितनं डोकं खाजवलं. "तुम्ही असं करा की. आंबोणाची पाटी आणि गाडी, दोन्ही संगटच सुरू करा. जनावर खाण्याच्या मागं आवाज शिकतंय."

झालं. रोज दोन वेळा बयाबाई सरकी पेंडीची पाटी घेऊन उभ्या राहायच्या, केरबा गाडी चालू करायचे, आणि गाडी चालू झाल्याशिवाय पाटी पुढं जायची नाही. आधी हरणी दचकायची. मग गाडीकडं बघायला लागली. मग तर केरबा चावी घेऊन निघाले तरी ती दावं ताणायची. मळ्याच्या वाटेवर एकदा थोडी मागं धावलीसुद्धा.

"तेल लागू पडलं!" केरबा साऱ्या गावाला सांगत सुटले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी विश्वजित बोल्ट परत आवळायला गाडी घेऊन गेला. केरबा गोठ्यापुढं हरणीची शिंगं रंगवत बसले होते. एक लाल झालं होतं, दुसरं अर्धं. बयाबाई शेजारी माळा ओवत होत्या. तेवढ्यात हरणीनं मान वर केली. दोन्ही कान पुढं आले. तिनं दाव्याला असा हिसका दिला, की ब्रशचा लाल फराटा केरबांच्या सदऱ्यावर उमटला.

"अगं ए! काय झालं? गोमाशी चावली व्हय?"

हरणी रस्त्याकडं तोंड करून रेकली. केरबांनी रस्त्याकडं बघितलं. रस्ता मोकळा होता. त्यांनी बयाबाईंकडं बघितलं. त्यांच्या हातातली माळ थांबली होती आणि त्याही रस्त्याकडंच बघत होत्या. हरणी परत रेकली, पाय आपटू लागली. रस्ता अजूनही मोकळाच. मग लांब, चिंचेच्या वळणावर, पिकअपचं तोंड दिसलं. विश्वजित ती हळूहळू चालवत येत होता. पार अंगणाच्या कडेला आली, तेव्हा कुठं केरबांच्या कानांत काहीतरी गुरगुरलं.

केरबा गाडीकडं, मग हरणीकडं, मग बयाबाईंकडं बघत राहिले.

"तुला ऐकू आली हुती?"

बयाबाईंनी मान डोलावली.

"हिलाबी?"

"हिलाबी."

केरबांनी ब्रश डब्यात ठेवला. "मला न्हाय आली," ते म्हणाले.

बयाबाईंकडं ह्या क्षणासाठी साठवलेली उत्तरं काही थोडीथोडकी नव्हती. त्यातलं एकही न वापरता त्यांनी हातातली माळ खाली ठेवली. केरबाच पुढं बोलले. "गेल्या पाडव्यालाबी न्हाय आलं. मागनं तिच्या घुंगरांचा आवाज यायचा, त्याच्यावर मी गाडी हळू-जोरात करायचो. गेल्या साली कायच न्हाय. आरशात दिसत न्हाय ती, हौद्याच्या आड पडती. नुसती अंदाजानं चालवली. जीव टांगणीला लागलेला सारा रस्ता. उद्या न्हाय जायाचं आपण. ती मागं पडली, गर्दीत कुठं घुसली, तर मला कळायचंबी न्हाय."

"जायाचं," बयाबाई म्हणाल्या. केरबांना ऐकू गेलं नसावं म्हणून त्यांनी समोर येऊन, तोंडापुढं तोंड आणून, परत सांगितलं, "जायाचं! मी बसते मागं."

त्या पाडव्याला उचगावच्या रस्त्यावर मोटारसायकलींच्या मागं म्हशी धावल्या, हलगी वाजली, गुलाल उडाला, आणि सगळ्यात शेवटी केरबांची पिकअप आली. हौद्यात नवं लुगडं नेसलेल्या बयाबाई मागं तोंड करून उभ्या होत्या. एका हातानं त्यांनी दांडा धरला होता आणि दुसऱ्या हातानं त्या केबिनच्या पत्र्यावर, बरोबर केरबांच्या डोक्यामागं, थापा मारत होत्या. हरणी येतेय तोवर थाप चालू. मागं पडली की थाप बंद, आणि केरबांचा पाय लगेच ब्रेकवर. थाप त्यांना ऐकू येत नव्हती, पाठीत कळत होती. लोकांना वाटलं, म्हातारी भलतीच रंगात आलीय. पोरांनी शिट्ट्या मारल्या, बायकांनी तोंडाला पदर लावले. बयाबाईंनी कुणाकडं बघितलं नाही. त्यांची नजर हरणीवर होती, आणि हरणी शेपूट उभारून, कवड्या खुळखुळवत, त्या गडगडाटामागं उधळल्यासारखी येत होती. रस्त्याच्या शेवटी कमानीपाशी गाडी थांबली आणि तिनं येऊन हौद्यालाच तोंड लावलं. एकच गलका झाला. कुणी केरबांना गाडीच्या दारातनंच गुलालानं माखलं.

केरबा गुडघा सावरत खाली उतरले ते सगळ्यांना सोडून मागं गेले. बयाबाईंना हात देऊन त्यांनी खाली घेतलं. थापा मारून बयाबाईंचा तळवा लालबुंद झाला होता. केरबांनी तो आपल्या हातात धरून उलटसुलट बघितला.

"दुखतंय का?"

चारचौघांत नवऱ्यानं हात धरलेला, बयाबाई लाजून पुटपुटल्या, "न्हाय."

केरबा थोडं वाकले. हलगी थांबली होती, सगळं गाव भोवती उभं होतं, आणि त्यांचा आवाज तर मुळातच वरच्या पट्टीतला.

"मोठ्यानं सांग की," ते म्हणाले, "मला कमी ऐकू येतंय."